उष्णकटिबंधातल्या बेटावर आठवडाभराची निवांत सुट्टी कशी आखावी?

दिवसाला एकच कार्यक्रम ठेवा, तोही सकाळी १० च्या आत. १० ते ४ ऊन रणरणतं. तो वेळ जेवण, झोप आणि पुस्तकाचा. मुक्काम एकाच बेटावर करा, कारण प्रत्येक बदलात अर्धा दिवस बोट आणि सामानातच जातो. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच विमानतळाजवळ येऊन राहा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि बहुतेकांचे बेत इथेच फसतात.

स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं, करताना पाठ आणि पोटऱ्या सर्वात जास्त भाजतात. पाण्याच्या गारव्यात ते जाणवतच नाही, रात्री पाठ टेकवत नाही तेव्हा कळतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट यावर सगळ्यात भरवशाचा. उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन १५ मिनिटं आधी चोपडा, दर २ तासांनी पुन्हा. प्रवाळाच्या कडा तळवा कापतात, म्हणून पाण्यातले बूट हवेतच. तरी प्रवाळावर पाय ठेवू नका, ते जिवंत असतं.

पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डुबकी (डाइव्ह) मारणं, पहिल्या काही दिवसांतच उरका. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये.