बूनाद आणि गाक्ती

प्रश्न : माझी मुलगी ओस्लोला असते. १७ मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या संविधान दिनाच्या, मिरवणुकीची जी छायाचित्रे तिने पाठवली, त्यांत प्रत्येकीचा पोशाख निराळा दिसतो. एकीच्या निळ्या अंगरख्याला तर तांबड्या-पिवळ्या फितींचे रुंद काठ आहेत. यांतला नॉर्वेचा राष्ट्रीय पोशाख कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असा एकच पोशाख नाही. तो निळा अंगरखा बहुधा उत्तरेकडील मूलनिवासी सामी लोकांची ‘गाक्ती’ असावी. इतर पोशाखांना ‘बूनाद’ म्हणतात आणि आपले घराणे मूळचे कुठले, यावरून बहुतेक जण आपला बूनाद ठरवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्वीडनपासून वेगळे होण्याची ओढ वाढत असताना, पश्चिमेकडील हार्दांगरचा पोशाखच राष्ट्रीय म्हणून मिरवला जाई. लाल बंडी, छातीवर मणीकामाची पट्टी आणि पांढरे अप्रन असा त्याचा थाट असतो. या अप्रनच्या कापडातील सुते मोजून काही कापून काढतात आणि उरलेल्या सुतांवर पांढऱ्याच धाग्याने जाळी बांधतात. त्या पोशाखातले खरे कसब माझ्या मते इथेच आहे, पण लांबून काढलेल्या छायाचित्रात ते दिसत नाही. लेखिका हुल्दा गारबोर्ग यांनी १९०३ साली पुस्तिका लिहून जागोजागच्या जुन्या पोशाखांचा पुरस्कार केला आणि पुढे मिळेल त्या जुन्या कपड्यांवरून अनेक बूनाद नव्याने बेतले गेले. सेतेस्दालच्या पुरुषांच्या विजारीला मागे चामड्याचे भलेमोठे ठिगळ असते, तर तेलेमार्कच्या बूनादांवर लोकरी धाग्यांची फुलवेल भरलेली असते. लटकत्या चकत्यांची ‘सोल्ये’ ही रुपेरी पिन मात्र जवळजवळ सर्वत्र आढळते.

गाक्तीला बूनादाचा एक प्रकार समजू नये. सामींची वस्ती नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशी चार देशांत पसरलेली असल्याने तिचे प्रकार देशांच्या सीमा पाळत नाहीत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या अंगावर राहिल्यामुळे फितींची रुंदी, रंग आणि कापड काळाप्रमाणे बदलत आले आहे. उत्तर सामी स्त्रियांची ‘लाद्योगाहपिर’ ही मागे लाकडी शिंग असलेली टोपी एकोणिसाव्या शतकात मागे पडली. त्या शिंगात सैतान बसतो, असे धर्मोपदेशक सांगत असत, अशी आख्यायिका आहे. अलीकडे सामी स्त्रिया ती पुन्हा शिवू लागल्या आहेत.

फितींचे इतके रुंद काठ उत्तर नॉर्वेतील काउटोकेइनोकडे असतात. तिथल्या कमरपट्ट्यावरील गुंड्या चौकोनी असल्या तर घालणारी व्यक्ती विवाहित, आणि गोल असल्या तर अविवाहित मानतात. मुलीकडून जवळून काढलेले एखादे छायाचित्र मागवलेत, तर तेही कळेल.