पंधरा वर्षांनी किती भूलतज्ज्ञ लागतील?

वाचक विचारतात

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे कोणती शाखा घ्यावी, यावर घरात रोज चर्चा झडते. एक जण म्हणतो, म्हातारपणाच्या आजारांच्या डॉक्टरांना आता मरण नाही. दुसरा म्हणतो, रेडिओलॉजी घेऊ नको, ते काम यंत्रंच करतील. देशाला पुढे किती स्पेशालिस्ट लागणार, हे मुळात ठरवतात कसं? आणि त्या आकड्यांवर विसंबून शाखा निवडावी का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही, विसंबू नये. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल. मी संख्याशास्त्राची, आणि नोकरीची बरीच वर्षं माझी डॉक्टर मोजण्यातच गेली.

वरवर पाहता हिशेब सोपा वाटतो. आज किती आहेत, दरवर्षी नवे किती येतात, निवृत्ती, मृत्यू आणि परदेशगमन यांमुळे किती गळतात, आणि लोकांना किती लागतील. पण यातली पहिली पायरीच निसरडी. नोंदणीपुस्तकात नाव असणं म्हणजे डॉक्टर कामावर असणं नव्हे. नोंदणीचं नूतनीकरण काटेकोर नसेल, तर वारलेले, परदेशी स्थायिक झालेले आणि प्रॅक्टिस कधीच सोडलेले, सगळे त्या पुस्तकात सुखाने नांदत असतात. म्हणून कुठलाही तक्ता हाती आला, की मी एकूण बेरजेआधी वयाचा रकाना बघायची. पंचावन्नच्या पुढचे किती, हे कळलं की पुढच्या दहा वर्षांचं अर्धं भविष्य तिथेच वाचता येतं.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एका देशात 1000 भूलतज्ज्ञ आहेत. दरवर्षी 40 नवे येतात, 30 कमी होतात. पंधरा वर्षांनी झाले 1150. मंत्रिमहोदय खूश! पण आज एक भूलतज्ज्ञ सरासरी पूर्ण वेळेच्या 0.9 इतकं काम करत असेल, तर आजचं मनुष्यबळ 900. उद्या काहींनी अर्धवेळ काम पत्करलं, रात्रपाळ्यांच्या तासांवर मर्यादा आली आणि सरासरी 0.8 वर उतरली, तर 1150 जणांकडून काम मिळेल 920 जणांचं. माणसं वाढली दीडशे, काम वाढलं विसांचं. आणि तास कमी झाले म्हणून नव्या पिढीला आळशी म्हणण्याचं कारण नाही. आधीची पिढी जितके तास राबायची, तितके कुणीच राबायला नको होते.

मागणीची बाजू तर याहून अवघड. बहुतेक वेळा आज किती शस्त्रक्रिया होतात, ते धरून लोकसंख्या आणि वयोमान यांच्या प्रमाणात पुढे वाढवतात. पण जिथे सर्जनच नाही, तिथे शस्त्रक्रियांची नोंद शून्य असते. तो शून्य जसाच्या तसा पुढे नेला, तर पंधरा वर्षांनीही तिथे सर्जन लागणार नाही, असंच उत्तर येतं! मी या मुद्द्यावर बैठकांमध्ये पुष्कळ भांडले आहे.

शिवाय आजारच हात बदलतात. जठराच्या अल्सरवर ऑपरेशन करणं हे एके काळी सर्जनचं नेहमीचं काम होतं. 1976 मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडीन बाजारात आलं. 1980च्या दशकात मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की बहुतेक अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असतो. त्यातली बहुतेक ऑपरेशनं इतिहासजमा झाली. 1977 मध्ये ग्रुंटझिग या डॉक्टरांनी झुरिचला हृदयाची रोहिणी फुग्याने उघडली आणि बायपास करणाऱ्या सर्जनच्या कामातला मोठा वाटा पुढे कार्डिऑलॉजिस्टकडे गेला. हे 1970 सालच्या कुठल्या तक्त्यात बसणार होतं?

त्यामुळे मोठमोठे अंदाज सपशेल चुकले आहेत. ब्रिटनमध्ये 1957 साली विलिंक समितीने मेडिकलचे प्रवेश सुमारे एक दशांशाने कमी करा, असं सुचवलं. लोकसंख्या वाढली, तिथलेच डॉक्टर परदेशी गेले, आणि 1968 मध्ये टॉड आयोगाला प्रवेश भरपूर वाढवा म्हणावं लागलं. मधली पोकळी भरायला भारतीय उपखंडातले डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले. अमेरिकेत 1980 मध्ये एका सरकारी समितीने सांगितलं, की 2000 साली सुमारे 1,45,000 डॉक्टर जास्तीचे होतील. तज्ज्ञांची मतं घेऊन, शाखावार, अतिशय मेहनतीने केलेलं काम होतं ते. प्रत्यक्षात 2006 मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने प्रवेश 30 टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली.

मला त्यातल्या त्यात नेदरलँड्सची पद्धत पटते. तिथे 1999 पासून या कामासाठी स्वतंत्र संस्था आहे. ती एकच आकडा छातीठोकपणे सांगत नाही. कामाचे तास घटले तर काय, काही काम प्रशिक्षित नर्सकडे गेलं तर काय, अशा वेगवेगळ्या शक्यता धरून ती दर तीन वर्षांनी सल्ला देते. स्पेशालिस्ट तयार व्हायला दशकभर लागतं. एकदम जागा दुप्पट केल्या, तर फळ येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते आणि मग एकदम कपात होते. थोडं वाढवायचं, मोजायचं, पुन्हा थोडं.

आता तुमच्या घरातली रेडिओलॉजीची चर्चा. 2016 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी, रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, असं जाहीरपणे म्हटलं होतं. पाच वर्षांत यंत्रं सरस ठरतील, असा त्यांचा होरा होता. ती मुदत कधीच उलटली, आणि अनेक देश रेडिओलॉजिस्ट मिळत नाहीत म्हणून अजून हैराण आहेत. यंत्रांनी वाचनाला हातभार लावला, पण काढल्या जाणाऱ्या स्कॅनची संख्याही फुगली. मुलीला जे काम रात्री दोन वाजतासुद्धा करावंसं वाटेल, ते घेऊ द्या. ती कन्सल्टंट होईपर्यंत हे तक्ते पुन्हा दोन-तीनदा लिहून झालेले असतील.

प्रश्न : दर हजार लोकांमागे एक डॉक्टर असावा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते ना? मग प्रत्येक शाखेसाठी असंच एक प्रमाण का ठरवत नाहीत?

उत्तर : 'हजारामागे एक' संघटनेच्या नावावर खपतं खरं. पण तिच्या 2006च्या अहवालात आहे तो आकडा हजारामागे 2.28 हा, आणि तो डॉक्टर, नर्स, सुईणी मिळून आहे, बाळंतपणांना कुशल हात मिळावेत या हिशेबाने काढलेला. स्पेशालिस्टसाठी निव्वळ प्रमाण कामाचं नाही. रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ हवा, तर आठवड्याचे तास 168. एकाला 48 तास दिले तर साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, परिषदा धरल्या की निदान पाच. आसपासची लोकसंख्या लाख असो वा चार लाख, हे पाच सुटत नाहीत. म्हणून विरळ वस्तीच्या भागांत आधी ठरवावं लागतं, की चोवीस तासांची सेवा कुठे एकवटायची आणि तिथवर रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते. डोकी मोजायची ती त्यानंतर.