मैत्रिणीच्या प्रश्नांना उत्तर देताना

प्रिय मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा उत्तरांचा कच्चा खर्डा मिळाला. वसतिगृहात वर्षभर तुझ्या खोलीत राहिलेली मैत्रीण आसामात, जोरहाटला परत गेल्यावर तुला काय आवडते, तुझे घर कसे आहे आणि पुढे काय व्हावेसे वाटते हे आवर्जून विचारते आहे, याचे मला फार अप्रूप वाटले. म्हणूनच खर्ड्याविषयी स्पष्ट लिहिते. त्यात खोटे काहीच नाही; पण आवडता पदार्थ पुरणपोळी, आवडता सण गणेशोत्सव, घर शेतकऱ्याचे आणि आशा यशस्वी होण्याची, ही उत्तरे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलीने दिली असती. तुझ्या मैत्रिणीने प्रश्न मात्र तुला विचारले आहेत.

तू तासगावची आहेस. इतरत्र गणपती बसून दुसरा दिवस उजाडतो, तेव्हा तुमच्याकडे ऋषिपंचमीला रथ निघतो आणि संस्थानच्या दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन होते. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेच्या मोहिमांत गोपुरे पाहिली आणि तसेच सात मजली गोपूर आपल्या गणपतीपुढे उभे केले. त्या गोपुरासमोरून हजारो माणसे दोर धरून रथ ओढतात आणि गुलालाने रस्ता दिसेनासा होतो. सणाचे नुसते नाव न लिहिता हे लिही. पदार्थाचेही तसेच. बेदाण्याच्या शेडवर जाळीवर पसरलेला द्राक्षाचा मणी आठ-दहा दिवसांनी बाहेरून सुरकुततो, पण आत अजून आंबटगोड रस असतो, आणि तो गुपचूप तोंडात टाकण्याबद्दल तू लहानपणी ओरडाही खाल्ला आहेस, असे तूच मागे सांगितले होतेस. तो मणी कोणत्याही दुकानात मिळत नाही. पुरणपोळीही तुला आवडत असेल, पण मैत्रिणीला सांगण्याजोगी आवड ही आहे.

घराविषयीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तिथेच तू सर्वांत कमी लिहिले आहेस. खर्ड्यात एक वाक्य लिहून खोडलेले दिसले. द्राक्षबागेसाठी काढलेल्या कर्जाचा त्यात उल्लेख होता. ते खोडलेस हे मला योग्य वाटते, मात्र त्यामागे लाज असेल तर ती मनातून काढून टाक. कर्ज किती, कोणाचे, ते फिटणार कसे, या गोष्टी वडिलांच्या आहेत आणि त्या सांगायच्या की नाहीत हे त्यांनी ठरवायचे. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले की घरात कोणाचे जेवणात लक्ष नसते, डाऊनी रोगाच्या भीतीने वडील रात्री-अपरात्री ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणीला निघतात आणि त्या ट्रॅक्टरच्या आवाजाने जागी झालेली तू पुन्हा झोपू शकत नाहीस, हे तुझे स्वतःचे आहे. ते सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. घरातल्या माणसांची गुपिते आणि त्या घरात राहताना आपल्याला आलेला अनुभव यांतली ही सीमा सांभाळलीस, तर मोकळेपणाने लिहूनही कोणाचा विश्वासघात होणार नाही. शिवाय तुझी मैत्रीण चहाच्या मुलखातली आहे. झाड छाटून त्याच्याकडून पीक घेणे म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावे लागणार नाही.

आता आशेविषयी. ‘यशस्वी होणे’ यातून काहीच कळत नाही. कृषी महाविद्यालयात प्रवेश घेताना वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करायचा आहे असे तू मला सांगितले होतेस, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला भेट देऊन आल्यावर कितीतरी वेळ तेच बोलत होतीस. घरचे स्पर्धा परीक्षेचा आग्रह धरत आहेत, म्हणून ही इच्छा कागदावर आणायला तू कचरतेस असे मला वाटते. मैत्रिणीला लिहिलेले पत्र म्हणजे घरच्यांपुढे केलेली घोषणा नव्हे. जे अजून ठरलेले नाही ते ‘अजून ठरलेले नाही’ असेच लिही, पण मनात आहे ते लिही.

उद्या मन बदलले तर काय, असे तू विचारले आहेस. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांनी मैत्रिणीच्या वहीतल्या अशाच प्रश्नांना किशोरवयात, १८८६च्या सुमारास उत्तरे दिली होती आणि पुढे विशीच्या आसपास पुन्हा एकदा दिली. सर्वांत मोठे दुःख कोणते, या प्रश्नाला त्यांनी आधी आईपासून दुरावणे असे लिहिले. नंतर, आई आणि आजी यांची ओळखच झाली नसती तर ते सर्वांत मोठे दुर्दैव ठरले असते, असे लिहिले. पहिले उत्तर लहान मुलाचे आहे, पण ते चुकीचे नाही. दुसरे वाचताना तर पहिल्याचे मोल अधिकच जाणवते. तेव्हा बदलाची भीती बाळगू नकोस. फक्त पत्रावर तारीख घाल.

एक गोष्ट खर्ड्यात अजिबातच नाही. तू तिला उलट काहीही विचारलेले नाहीस. ‘आणि तुझे काय?’ एवढे लिहून भागवू नकोस. थंडीत चहाची छाटणी चालू असते तेव्हा तिच्या घरात कोण काय करते, पुण्यातल्या त्या वर्षात तिला जोरहाटची सर्वांत जास्त आठवण कधी आली आणि ती तुला तेव्हा का सांगितली नाही, हे विचार. शेवटचा प्रश्न लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होईल, तरीही तो गाळू नकोस.

नवा खर्डा मला दाखवण्याची आवश्यकता नाही. तो थेट तिलाच पाठव. आई-वडिलांना माझा नमस्कार सांग.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझ्या बाई