बँकॉकची देवळं आई-बाबांना दाखवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन बँकॉकला चाललाय, दोघं पासष्टीच्या पुढचे. खरेदी आणि रात्रीची मजा नको, राजवाडा आणि जुनी देवळं बघायची आहेत, हातात दोन दिवस आहेत. आणि ऑफिसातले म्हणतात की एक देऊळ पाहिलं की सगळी पाहिली, ते खरं का?

अर्धं खरं आहे. एका दिवसात पाच देवळं उरकलीत तर रात्री फोटो बघताना कुठलं सोनेरी शिखर कुठल्या देवळाचं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. टूरवाले नेमकं तेच करतात. मी माझ्या आई-बाबांना घेऊन स्वतःच गेले होते. बाबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आईचं सगळं आयुष्य कराडच्या घरात. दोघांचाही पहिला परदेश. माझ्या अनुभवावरून सांगते: दोन दिवसांत तीनच जागा नीट बघा. राजवाडा (त्यातच वाट फ्रा काऊ हे देऊळ आलं; थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ), वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण. बाकीचं वेळ उरला तर.

या तिन्ही जागा चाओ फ्राया नदीच्या काठावर, एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्याला कारण आहे. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी जाळली. त्यानंतर तक्सिन राजाने नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला बस्तान बसवलं. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने राजधानी पूर्व काठावर आणली. म्हणजे शनिवारवाड्याहूनही पन्नास वर्षांनी लहान शहर आहे हे. फार प्राचीन काही बघायला चाललोय अशी समजूत असेल तर ती विमानतळावरच सोडा.

जायचं कसं? टॅक्सीने नको, बोटीने. स्काय ट्रेनने सफान तक्सिन स्टेशनला उतरा, खालीच धक्का आहे. तिथून केशरी झेंड्याची बोट पकडा. ती रोज कामाला जाणाऱ्या लोकांची बोट आहे, भाडं अगदी किरकोळ. पर्यटकांची निळी बोट वेगळी आणि महाग. आमची बोट धक्क्याला लागली तेव्हा मागच्या टोकाला उभा असलेला पोरगा तोंडाने कर्कश शिट्ट्या मारत होता. एक लांब, मग दोन तुटक. पुढे बसलेला चालक मागे न बघता त्या शिट्ट्यांवर बोट काठाला लावत होता. बाबा दोन धक्के नुसते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "डबल बेल आहे ही." तेवढ्यात कंडक्टर बाई आल्या. त्यांच्या हातात पत्र्याची लांबट नळी, तीत तिकिटं आणि सुटे पैसे, आणि ती नळी त्या खटखट वाजवत गर्दीतून वाट काढत होत्या. आमच्याकडे पंच दांडीवर वाजवायचे, अगदी तसं. बाबांनी तिकीट जपून पाकिटात ठेवलं. राजवाड्याचं पाचशे बाटांचं (बाट हे थाई चलन) तिकीट मात्र बाहेर पडताच त्यांनी कचऱ्यात टाकलं!

राजवाड्यासाठी था चांग धक्क्यावर उतरा. था म्हणजे धक्का, चांग म्हणजे हत्ती. राजाचे हत्ती इथे आंघोळीला आणायचे. धक्क्यापासून दरवाजापर्यंत जेमतेम पाच-सात मिनिटं चालायचं, आणि एवढ्यातच तुम्हाला 'तो' भेटेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, तोंडावर हसू. "पापा, मामा, पॅलेस क्लोज टुडे." आज पूजा आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर वीस बाटांत टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, तीन देवळं दाखवतो. आम्ही अर्धवट फसलो. एक देऊळ झाल्यावर टुकटुक थेट खड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि तिथून निघायला पाऊण तास गेला. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटं देतात. बंद आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीवर ठरतं, रस्त्यावर नाही.

कपड्यांचं आधीच सांगते. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. आईची साडी आणि बाबांची पँट चालून गेली, अडवलं ते मला, कारण माझ्या कुडत्याला बाह्या नव्हत्या.

आता मुख्य गोष्ट. वाट फ्रा काऊमध्ये सगळे धावतात ते पाचूच्या बुद्धाकडे. बघाच, पण अपेक्षा ठेवून जाऊ नका. मूर्ती अवघी ६६ सेंटीमीटर उंच, प्रचंड उंच सोनेरी मखरात, आणि मुळात पाचूची नाहीच, हिरव्या दगडाची आहे. फोटो काढायचा नाही, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही. मला आवडलं ते एवढंच की मूर्तीला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन पोशाख आहेत आणि ते बदलायला राजा स्वतः येतो. आई लगेच म्हणाली, "मग आपल्या विठोबासारखंच की. त्यालाही ऋतूप्रमाणे जपतात."

खरा खजिना आहे देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत. चारही बाजूंनी भिंतभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, सोन्याच्या वर्खासकट. बहुतेक गट इथून पाच मिनिटांत निघून जातात. तुम्ही निदान एक तास ठेवा, कारण जगातल्या बाकी पर्यटकांना जे गाइड घेऊन समजावून घ्यावं लागतं ते तुमच्या आईला पाठ आहे. सुरुवात जनक राजाला शेत नांगरताना सीता सापडते तिथून. राम तो फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लक, रावण म्हणजे थोत्सकान, आपला दशकंठ. रावण हिरवा, हनुमान पांढराशुभ्र.

आणि मग गोष्ट आपली वाट सोडते. त्यांच्या रामायणात, म्हणजे रामकियनमध्ये, सीता ही रावणाचीच मुलगी, अपशकुनी म्हणून पाण्यात सोडून दिलेली. सेतू बांधताना समुद्रातले मासे दगड पळवतात. ते कोण पळवतंय म्हणून हनुमान बुडी मारतो तर रावणाचीच एक मुलगी निघते, सुवर्णमत्स्या, अर्धी मासोळी. हनुमान तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगा होतो. आई त्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आपला मारुती असा नव्हता गं." मग जरा थांबून, "पण मकरध्वज आपल्याकडेही आहेच. फक्त आपण तो घामाच्या थेंबावर भागवला." पुढे मैयरब नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवून नेतो, तो आपला महिरावण. पाताळाच्या दारावर पहारा करणारा पोरगा हनुमानाचाच निघतो, तेही आपल्यासारखंच. आई चित्रं ओळखत पुढे, मी आणि बाबा मागे. एक स्पॅनिश जोडपं खुणेने विचारून आमच्या मागे चालू लागलं.

उन्हाने जीव जाईल. अकरा वाजता फरशी तापते, आवारात सावली कमी. राजवाड्याच्याच आवारात राणी सिरिकित यांच्या नावाचं वस्त्रसंग्रहालय आहे, आमच्या तिकिटात ते धरलेलं होतं. थाई रेशीम बघण्यासारखं आहे, पण खरं सांगायचं तर आम्ही आत गेलो ते एसीसाठी. चक्री महाप्रासादाची इमारत बाहेरूनच बघायची. खाली युरोपी वाडा, वर थाई छप्पर. लोक तिला थाई टोपी घातलेला गोरा म्हणतात, आणि दिसतेही तशीच.

दुपारी जेवून वाट फो. वाट हा शब्द आपल्या वाड्याच्या नात्यातला आहे, दोन्ही संस्कृत वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आलेले. इथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मजा म्हणजे तो एका नजरेत दिसतच नाही, कारण मूर्तीभोवती इमारत अगदी अंगासरशी बांधलीय. खांबांमधून आधी खांदा, मग कोपर, मग पावलं असं तुकड्यातुकड्याने बघायचं. तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ मंगलचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. वीस बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेक नाणं टाकत जायचं. टण, टण, टण, सगळ्या दालनात हाच आवाज भरलेला असतो. बाबांचं गणित शेवटी तीन नाण्यांनी चुकलं आणि त्यांनी स्वतःच्या खिशातली तीन टाकून हिशेब जुळवला.

वाट फोच्या अंगणात ऋषींच्या मूर्ती आहेत, पाय मानेमागे, हात पाठीवर असे विचित्र आसनांत. थाई भाषेतही त्यांना रुसीच म्हणतात. मालिशचं शास्त्र लोकांना कळावं म्हणून तिसऱ्या रामाच्या, म्हणजे चक्री घराण्यातल्या तिसऱ्या राजाच्या, काळात त्या मूर्ती आणि शेजारचे शिलालेख बसवले. अंग दाबून घ्यायचं असेल तर मालिशची शाळा त्याच आवारात आहे. आईने नको नको म्हणत तळपाय दाबून घेतले आणि नंतर दोन दिवस तोच विषय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट अरुण. था तियेन धक्क्यावरून पलीकडे जायला छोटी होडी आहे, पाच बाट. अरुण म्हणजे आपला सूर्याचा सारथी अरुणच. लांबून शिखर करडं दिसतं, जवळ गेलं की कळतं की चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे चुन्यात दाबून फुलं केलीत. एखाद्या फुलाच्या मध्ये अख्खी बशी आहे. कोनाड्यांत तीन सोंडांच्या हत्तीवर बसलेला इंद्र आहे, तो हत्ती एरावन, आपला ऐरावत. पायऱ्या अति उभ्या आहेत, आई-बाबांना पहिल्या टप्प्याच्या वर नेऊ नका. उतरताना मीच कठड्याला धरून बसत बसत खाली आले. सकाळी जा असं म्हणतेय कारण दुपारनंतर भाड्याचा थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी मात्र अलीकडच्या काठावर बसून मावळतीपुढे ते शिखर बघा, आत जाण्यापेक्षा ते सुंदर दिसतं.

आम्हाला सगळ्यात जास्त मजा कशात आली सांगू? पाट्यांत. थाई माणूस शब्दाच्या शेवटचा र उच्चारताना न करतो, एवढी एक किल्ली लक्षात ठेवा. नगरचं नखोन, विहारचं विहान, अमरचं अमोन, आहारचं आहान. थोनबुरी म्हणजे धनपुरी. टेलिफोनला थोरसप म्हणतात, म्हणजे दूरशब्द. बँकेला थनाखान, म्हणजे धनागार. मेट्रोत "सथानी" ऐकू आलं की स्टेशन, आपल्या 'स्थान'च्या नात्यातलं. या शहराचं खरं नाव क्रुंग थेपपासून सुरू होऊन ओळीच्या ओळी चालतं आणि त्यात 'नोप्परात राचथानी' येतं, ते नवरत्न राजधानी. शेवटी ही नगरी शक्राच्या, म्हणजे इंद्राच्या, आज्ञेने विश्वकर्म्याने बांधली असं सांगून ते नाव संपतं. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनचं नाव सोडवायचा प्रयत्न केला. निम्मी चुकली असतील.

वेळ उरलाच तर साओ चिंग चा, म्हणजे उंच लाल झोपाळा, बाहेरून बघून या. इथे ब्राह्मणांच्या उत्सवात तरुण पोरं झोके घेत बांबूला टांगलेली नाण्यांची पिशवी दातांनी पकडायची. १९३५ मध्ये ते बंद झालं. चायनाटाऊनमधल्या वाट त्रायमितमध्ये साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध आहे. त्यावर चुन्याचा गिलावा होता, १९५५ मध्ये मूर्ती हलवताना तो फुटला आणि आतलं सोनं दिसलं. अर्ध्या तासात होतं.

आई-बाबा शाकाहारी असतील तर "जे" हा शब्द शिकून ठेवा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. जे म्हटलं की मांस, मासे, अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही. नुसतं "व्हेजिटेबल" म्हणालात तर भाज्या येतात, पण माशाच्या पाण्यात परतलेल्या. आणि सुती मोजे बरोबर ठेवा. देवळाच्या दारात चपला काढायच्या असतात, आणि दुपारी त्या फरशीवर अनवाणी दहा पावलं टाकल्यावर बाबांसारखा कडक माणूससुद्धा उड्या मारत सावलीला पळाला होता.