फ्री रिफिल देणाऱ्या रेस्टॉरंटला परवडतं कसं?

तुम्ही विचारलंय की एकदा पैसे भरून गिऱ्हाईक हवा तितक्या वेळा ग्लास भरून घेतं, मग मालक बुडत नाही का, आणि अशी ऑफर घ्यावी का.

मालक बुडत नाही. मी एका रेस्टॉरंटचे हिशेब बघतो. तिथे चिंता असते ती किराणा, पगार आणि भाड्याची. रिफिलवरून कुणाची झोप उडालेली मी पाहिलेली नाही. मशीनमधून येणाऱ्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण पाच भाग पाणी आणि एक भाग सिरप असतं. पाणी जागेवरच गाळून त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतात. कंपनीकडून येतं ते फक्त खोक्यातल्या पिशवीत भरलेलं सिरप, म्हणजे बाटलीचा खर्च नाही आणि पाण्याचं ओझं वाहून आणायचं नाही. वर ग्लासात बर्फ असतोच! म्हणून रिफिल मिळतं ते मशीनच्या कोल्ड्रिंकवर नाहीतर चहा-कॉफीवर. बाटलीबंद पेय, ताजा ज्यूस, दारू यांवर सहसा नाही, कारण तिथे दुसरा ग्लासही मालकाला जवळपास पहिल्याइतकाच महाग पडतो.

पहिल्या ग्लासाच्या दरातच पुढचे ग्लास धरलेले असतात. शिवाय गोड, फसफसणारं पेय पिऊन पिऊन माणूस पिणार किती? चार ग्लास रिचवणारा एखादाच निघतो. एका ग्लासावर उठणारे पुष्कळ, आणि त्या एकाचा भार तेच उचलतात.

खरी महाग गोष्ट म्हणजे माणसाचे हात. अमेरिकेत टॅको बेल या फास्ट फूड रेस्टॉरंटांच्या साखळीने १९८८ मध्ये फ्री रिफिल सुरू केलं. मशीन गिऱ्हाइकांच्या बाजूला ठेवलं की ग्लास भरायला माणूस लागत नाही, काउंटरवरची रांगही पुढे सरकते. जिथे टेबल पटकन रिकामं होणं गरजेचं असतं, तिथे मात्र रिफिल मालकाच्या अंगाशी येतं, कारण मंडळी उठतच नाहीत.

घ्यायचंच असेल तर सगळ्यात लहान ग्लास घ्या. रिफिल फुकट असताना मोठ्या ग्लासाचे जादा पैसे देणारे लोक मला आजवर कळलेले नाहीत. पाण्यावर भागणार असेल तर रिफिलमुळे तुमचं काहीच वाचत नाही, उलट एक ग्लास विकत घेतला जातो. एकाच ग्लासावर चौघांनी पिणं, किंवा पाण्याचा ग्लास मागून त्यात कोल्ड्रिंक भरणं याला मी सरळ चोरीच म्हणेन. ऑफर माणशी असते.

साखरेचं म्हणाल तर ३३० मिलिलिटर साध्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. २,००० कॅलरींच्या आहारात अशी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमपेक्षा कमी ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दुसरा ग्लास संपायच्या आतच मर्यादा ओलांडली. फ्रान्सने २०१७ मध्ये गोड पेयांच्या अमर्याद फुकट रिफिलवर बंदी घातली, त्यात कृत्रिम गोडी असलेली पेयंही आली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या आणि मध्यम व्यवसायांना साखरेच्या पेयांचं फुकट रिफिल देता येत नाही, डाएट पेयांचं देता येतं. मला इंग्लंडचा नियम जास्त पटतो, कारण त्यात निदान साखरेवरच बोट ठेवलंय.