मोगऱ्याचं औषध अनंताला

प्रश्न : नमस्कार काकू, गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून मोगरा आणि अनंत एकाच दिवशी आणले. नर्सरीवाला म्हणाला अनंत म्हणजे मोगऱ्याचाच मोठा भाऊ, जे याला कराल तेच त्याला करा. म्हणून दोघांना दर महिन्याला शेणखत, अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि गावाहून आणलेली चुलीतली राख घालते. जानेवारीत व्हिडिओ बघून दोन्ही छाटले. आता मोगऱ्याला नुसता पाला, फूल एक नाही. अनंताची पानं पिवळी, आणि ज्या चार कळ्या आल्या त्या काळ्या पडून गळाल्या. मोगरा कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या मागे कोपऱ्यात आहे, अनंत पुढे ग्रिलजवळ. पाणी बोअरचं. काय चुकतंय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : अहो, तो भाऊ वगैरे काही नाही, लांबचा पाहुणासुद्धा नाही! मोगरा पारिजातकाच्या कुळातला आणि अनंत कॉफीच्या कुळातला. गोंधळ मात्र जुना आहे, अनंताच्या शास्त्रीय नावातच 'जॅस्मिनसारखा' असा अर्थ आहे आणि इंग्रजीत त्याला केप जॅस्मिन म्हणतात, म्हणजे मूळचा चीनकडचा असून आफ्रिकेच्या केपचा शिक्का बसला आणि जॅस्मिन नसून जॅस्मिन झाला. तेव्हा नर्सरीवाल्याला फार बोलू नका.

आधी अनंताचं बघू, कारण तो जास्त आजारी आहे. पिवळं पान हातात घेऊन नीट बघा, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, त्यातही शेंड्याची नवी पानं आधी पिवळी झाली असतील, तर ती लोहाची कमतरता. म्हणजे मातीत लोह नसतंच असं नाही, असतं, पण अनंताला आंबट माती लागते आणि माती अल्कधर्मी झाली की ते लोह त्याच्या मुळांना उचलताच येत नाही. आता तुम्ही काय काय घातलंत ते बघा : राख अल्कधर्मी, टरफलं म्हणजे कॅल्शियम, बोअरचं पाणी बहुतेक जड (कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो का बघा), आणि बाल्कनीत भरलेली माती काळी असेल तर तिच्यात चुनखडी असायची दाट शक्यता. ताटात चारी बाजूंनी चुनाच! चिमूटभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका, फसफसली तर खात्रीच झाली.

उपाय सोपा आहे पण धीर धरायला लागेल. राख आणि टरफलं आजपासून बंद, बोनमील म्हणजे हाडांची पूडसुद्धा नको. आता जून आहे, गच्चीवर बादल्या ठेवा आणि अनंताला शक्यतो पावसाचंच पाणी द्या. तेही जमलं नाही तर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, पंधरा दिवसांतून एकदा, रोज नाही. नुसतं फेरस सल्फेट म्हणजे हिराकस टाकून बरेच लोक मोकळे होतात, पण चुनखडीच्या मातीत ते थोड्याच दिवसांत अडकून पडतं. त्यापेक्षा खतांच्या दुकानात चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) मागा, त्याची पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पानांवर फवारणी करा. पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होतीलच असं नाही, नवीन पालवी कशी येते ते बघत राहा. पावसाळ्यात कुंडीही बदला, लाल माती, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात घेऊन.

कळ्या गळायचं कारण वेगळं. ग्रिलजवळ दुपारचं ऊन लागत असणार, माती एक दिवस कडक सुकते, मग आपण घाईने बादलीभर ओततो, दुसऱ्या दिवशी चिखल. अनंताला हे असलं उपास-पारणं चालत नाही, माती कायम ओलसर हवी पण साचलेली नको. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा द्या आणि कळ्या धरल्यावर कुंडी जागची हलवू नका, एवढ्यानेही रुसून कळ्या टाकतो. (माझ्याकडे पाहुणे येणार म्हणून शोभेला हॉलमध्ये नेला होता, पाहुणे यायच्या आत सात कळ्या खाली.) आणि जानेवारीची छाटणी, तिथे तुमची निम्मी फुलं गेली. अनंत जुन्या फांद्यांवर कळ्या धरतो, त्याला फुलं संपली की लगेच हलकं छाटायचं, नंतर कात्री लावायची नाही.

मोगऱ्याचं बरोबर उलटं आहे. त्याची फुलं नवीन फुटीवर येतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दहा-पंधरा दिवस पाणी तोडून ताण द्यायचा, मग फूट-दीड फुटावर छाटायचं, उरलेली पानं ओरबाडून खत-पाणी सुरू करायचं. त्यातली छाटणी तुम्ही केलीत, ती बरोबरच होती! पण झाड कपड्यांमागे ठेवलंत. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर काहीही घाला, पालाच येणार, त्यात दर महिन्याला शेणखत म्हणजे नत्र आणि नत्र म्हणजे अजून पाला. सरळ दोघांच्या जागा बदला, मोगरा ग्रिलला आणि अनंत आत, दुपारच्या सावलीत (सकाळचं ऊन मात्र मिळालं पाहिजे). शेणखत तीन महिन्यांतून एकदा पुरे. राखेची आवड असेल तर मोगऱ्याला क्वचित चिमूटभर चालेल, पण तुमच्या पाण्याला मी तेही टाळीन. आत्ता शेंडे दोन-दोन इंच खुडा, ऊन मिळालं तर एखादा बहर यंदाच दिसेल.

अजून एक, अनंताचं फूल दुसऱ्या दिवशी पिवळसर पडलं की मला फोटो पाठवू नका, प्लीज. तो रोग नाही, पांढरं उमलून पिवळं होणं हा त्याचा स्वभावच आहे.

प्रश्न : आमच्या अंगणात अनंत माणसापेक्षा उंच झालाय, कोणी काही करत नाही तरी फुलतो. मोगरा मात्र दर पावसाळ्यात मान टाकतो. असं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमची जांभ्याची माती मुळातच आंबट, अनंताला अजून काय पाहिजे! चिंचवडच्या ताईंना जे विकत आणायला सांगितलं ते तुमच्या पायाखाली आहे. मोगऱ्याला मात्र पाण्यात उभं राहणं सोसत नाही, मुळं कुजतात. हातभर उंच वरंबा करून त्यावर लावा, खाली विटांचे तुकडे आणि वाळू घाला. जुनं झाड जाईल अशी भीती असेल तर आत्ताच एक लांब फांदी वाकवून मातीत दाबून ठेवा, दोन-तीन महिन्यांत मुळं धरते, मग तोडून वेगळी लावा. आणि अनंताच्या बोटभर जाड फांद्या पावसात टोचा, शेजाऱ्यांना वाटा.

प्रश्न : न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये एकच कुंडी मावते. मोगरा घेऊ की अनंत?
– एक वाचक

उत्तर : मोगरा. तुमच्या हीटरच्या कोरड्या हवेत अनंत कळ्या धरून ठेवायची शक्यता कमी. मोगराही काही खूश नसतो, लाल कोळी ही बारीक कीड लागते, म्हणून पानांच्या खालून आठवड्याला पाण्याचा फवारा मारा. पहिलं हिमतुषार पडायच्या आत, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंडी घरात घ्या, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पाणी कमी करा. हिवाळ्यात पानं गळाली तर लगेच फेकू नका, खोड नखाने जरासं खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.