भाषणात ताई, कागदावर एकटे तुम्ही

"माई, मी १९८३ च्या दहावीचा. पुढच्या महिन्यात कर्जतला आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. 'शाळेनंतरचा मी' यावर प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं आहे. मला माझ्या ताईबद्दल बोलायचंय. बाबा गिरणीत होते. संप झाला आणि ताई प्रथम श्रेणीत पास होऊनही अकरावीला गेली नाही. काजं-बटणं करून तिने घराला हातभार लावला, म्हणून मी डिप्लोमा करू शकलो. तिला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलंय, पण 'मला नको त्यात ओढू' म्हणते. आता मुक्त विद्यापीठातून तिला पदवी करायला लावावी, असंही वाटतं. गिरणी कामगार म्हणून बाबांच्या हक्काचं घर म्हाडाच्या २०१२ च्या लॉटरीत लागलं, तेव्हाही बिचारीने एका शब्दाने काही विचारलं नाही, माझ्या नावावर व्हावं म्हणून सही करून दिली. अशा बहिणीचे पांग कसे फेडू?
परळचा एक विद्यार्थी, वय ५८"

भाऊ, तुमचं पत्र चार पानी आहे. इथे छापलाय तो त्याचा अर्क. त्या चार पानांत घराचं वाक्य एकच, तेही शेवटून दुसरं. मी मात्र पत्र वाचून झाल्यावर तिथेच परत गेले.

आधी १९८२ बद्दल, कारण तुम्ही त्याला 'ताईचा त्याग' म्हणता. मी तेव्हा लालबागला शिकवण्या घ्यायचे. संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि तुमच्या ताईची दहावी मार्चमध्ये. भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीतला भोंगाच बंद झाला होता आणि ती पोरगी त्यात प्रथम श्रेणी घेऊन बसली! जूनमध्ये निकाल लागला तेव्हा सगळे म्हणत होते, गणपतीपर्यंत मिटेल. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. पोरींची शाळाही तशीच सुटली. 'तू शिकू नकोस' असं कुणी म्हणालं नाही. 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू' म्हणाले. माझ्या शिकवणीतल्या तिघी अशाच गेल्या. दुपारी चाळीच्या गॅलरीत उजेडाला बसलेल्या दिसायच्या, मांडीवर शर्टांचा गठ्ठा, सुई टोचून टोचून बोटाला चिकटपट्टी. हिशेब डझनावर. मला बघितलं की मान खाली घालायच्या. म्हणून मीच पलीकडच्या जिन्याने जायला लागले. ते मला आजही बरं वाटत नाही.

तर त्याग वगैरे शब्द जपून वापरा. त्याग करायला आधी कुणी विचारावं लागतं.

आणि ते शाल-श्रीफळ. तुमच्या वर्गातली चाळीस माणसं टाळ्या वाजवतील, दोघी-तिघी डोळे पुसतील, तुम्हाला फार हलकं वाटेल. तिला काय वाटेल? ज्या शाळेतून आपण पुढे जाऊ शकलो नाही, तिथल्या मुलांसमोर आपली गरिबी भावाने माइकवर सांगितली, असं वाटेल. ती नाही म्हणाली आहे ना, मग नाहीच. पदवीचंही तेच. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिला हौस असती तर तिने चौकशी केली असती, अजूनही करेल. तुमची रुखरुख जावी म्हणून तिने साठीला टेकताना परीक्षा द्यायच्या, हा कुठला न्याय?

आता घर. ते बाबांच्या गिरणीतल्या नोकरीमुळे मिळालं, तुमच्या डिप्लोमामुळे नव्हे. वडिलांच्या मागे मुलगी मुलाइतकीच वारस असते, हे १९५६ च्या कायद्यापासून आहे. ताईने सही केली, कारण आपल्याकडे बहिणी सही करतातच. नाही केली तर वाट्याला आलेला हक्क राहतो आणि माहेर जातं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आम्हाला म्हणजे मलाही. आमच्या गावच्या जमिनीच्या हक्कसोडावर मी सही केली, त्या दिवशी भावाने साडी घेतली. निळी, चांगल्या पोताची. ती मी आजवर नेसलेली नाही, आणि भावाला आजवर ते लक्षात आलेलं नाही. भाऊ वाईट नाही हो माझा. तुम्हीही नाही. उलट तुमच्यासारखे भाऊच 'तिने विचारलंसुद्धा नाही' असं कौतुकाने सांगतात.

त्या घराचे पैसे तुम्ही भरलेत, ते कुणी नाकारत नाही. आजच्या भावातून तेवढी रक्कम वजा करा. उरेल ते बाबांचं, आणि त्याचे वाटे दोन. तुम्ही लिहिता, मुलगा तिथे राहतो. राहू दे. म्हाडाच्या अटी असतात, कागदावर काय करता येईल ते वकिलाला विचारा. पण पैसे द्यायला म्हाडाची परवानगी लागत नाही. यंदा निवृत्त होताय, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड हातात येईल. एकदम जमणार नसेल तर चार हप्त्यांत द्या, पण आकडा पहिल्याच दिवशी सांगा. बायको-मुलाशी आधी बोला, त्यांची कुरकुर तुम्ही ऐकायची. ती चिपळूणला ताईपर्यंत पोचता कामा नये.

ताई आधी नको म्हणेल, कदाचित रागावेलही. 'मी काय मागायला आले होते?' म्हणाली तर 'नाही, मीच विसरलो होतो' म्हणा. उपकार, ऋण, पांग यातलं काही बोलू नका. आणि जमलं तर विचारा, अकरावीला कुठली साइड घेणार होतीस? चार पानांत हे कुठे आलेलं नाही, म्हणजे तुम्हाला ते माहीत नसावं.

कर्जतला जरूर जा. दोन मिनिटांत पीटीच्या सरांची नक्कल करा, लोकांना तेच हवं असतं. पण चिपळूण त्याच्या आधी. एकटे जा, मिठाईचा बॉक्स न्या, शाल नको. फोन करून जा, दुपारची ती पडत असेल.

— माई